पडलेली रिबन आणि सुवर्णपदक

शंकेखोर : टोकियोचा तो निकाल मला अजूनही पचलेला नाही. ७ ऑगस्ट २०२१, रिदमिक जिम्नॅस्टिक्सची वैयक्तिक अंतिम फेरी. चार साधनं, चार रचना आणि चारांच्या गुणांची बेरीज. इस्रायलची लिनॉय अश्राम रिबन घेऊन उतरली आणि साऱ्या जगाच्या देखत ती रिबन तिच्या हातून निसटून खाली पडली. रशियाची दिना अवेरिना (कागदोपत्री ‘रशियन ऑलिम्पिक समिती’ची, कारण डोपिंग प्रकरणामुळे देशाचं नाव लावायला बंदी होती) काहीही न पाडता चारही रचना करून गेली. तरी सुवर्ण अश्रामला. १०७.८०० आणि १०७.६५०, फरक ०.१५. साधन हातून पडणं ही या खेळातली मोठी चूक, असं तुम्हीच आम्हा अडाण्यांना सांगत आलात. मग पाडणारी पहिली आणि न पाडणारी दुसरी, हा कुठला न्याय?

रसिक : बेरजेचा. तुम्ही एका रचनेवरून निकाल लावताय, पंचांना चार पाहायच्या होत्या. आकडेच घ्या ना. हूपवर अश्रामला २७.५५०, अवेरिनाला २७.२००. बॉलवर दोघींना २८.३००, अगदी बरोबरी. क्लब्जवर अश्रामला २८.६५०, अवेरिनाला २८.१५०. म्हणजे रिबन सोडून बाकी तिन्हींवर अश्राम ०.८५ ने पुढे होती. रिबनवर तिला २३.३००, अवेरिनाला २४.०००. पडल्याची किंमत तिने मोजली आणि त्या एका साधनावर ०.७० ने मागे राहिली. पण गाठीला ०.८५ होते. त्यातले ०.७० गेले, ०.१५ उरले. तुम्ही त्याला अन्याय म्हणता, मी शिल्लक म्हणते.

शंकेखोर : हिशोब चोख आहे, नाही कोण म्हणतंय? पण तुमच्याच खेळाची जुनी वही उघडा. सिडनी, २००० साल. सगळ्यांनी अलिना काबाएवाला मनोमन सुवर्ण देऊन टाकलं होतं. तिच्या हातून हूप सुटला आणि घरंगळत सीमेबाहेर गेला. झालं! हाती आलं कांस्य. युलिया बार्सुकोव्हा ३९.६३२, बेलारूसची युलिया रास्किना ३९.५४८, काबाएवा ३९.४६६. पहिली आणि तिसरी यांच्यात ०.१६६ चं अंतर. पुढे २०१६, रिओ. याना कुद्र्यावत्सेवा, लागोपाठ तीन वर्षं जगज्जेती. रचना संपता संपता तिच्या हातून क्लब पडला आणि सुवर्ण गेलं मार्गारिता मामुनकडे. म्हणजे सिडनीत पाडलं तर सुवर्ण गेलं, रिओत पाडलं तर गेलं, टोकियोत पाडलं तर राहिलं. चूक तीच. कुठली पोटात घालायची आणि कुठली नाही, हे ठरवतं कोण?

रसिक : नियमपुस्तक ठरवतं, आणि ते तिन्ही वेळा वेगळं होतं. सिडनीत एका रचनेला जास्तीत जास्त दहा गुण. वरच्या सगळ्या मुली नऊ पूर्णांक नऊच्या आसपास. दहाच्या वर जाताच येत नाही म्हटल्यावर हातचा गेलेला दशांश भरून काढायचा कुठून? काबाएवाकडे कौशल्य कमी नव्हतं, पुस्तकात जागा नव्हती. रिओत वीस गुण होते, दहा काठिण्याचे आणि दहा सफाईचे. तिथेही वर झाकण होतंच. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने काठिण्यावरचं ते झाकण काढलं. जेवढं अवघड कराल तेवढे गुण. या एका बदलाने चुकीची जातच पालटली. पूर्वी चूक हा न जाणारा डाग होता, आता ती फेडता येईल अशी उधारी झाली. अश्रामने फेडली. काबाएवाला फेडायची सोयच ठेवलेली नव्हती.

शंकेखोर : तुम्ही किती सहज बोलून गेलात! झाकण काढलं की दीड मिनिटात जे जे मावेल ते ते मुली कोंबणार, आणि त्यांनी कोंबलंच. २०१८ ते २०२१ मधल्या रचना लावून बघा. हूप मानेवर फिरतोय, क्लब तळपायाने झेलला जातोय, बॉल पाठीवरून उतरतोय, झेल नजरेआड, झेल बसल्या बसल्या, झेल आडवं पडून. प्रत्येक करामतीला काही दशांश. मागे पियानो वाजो नाहीतर ढोल, मुलीला तो ऐकायला उसंत कुठे? आणि हे मी एकट्या अश्रामबद्दल बोलत नाही, अवेरिनाच्या रचनाही त्याच वळणाच्या. मला दोघीही पाठ केलेली यादी घाईघाईने म्हणून दाखवणाऱ्या वाटल्या. ज्या खेळाच्या नावातच लय आहे त्यात लयीला गुण किती, हे विचारायची पाळी यावी?

रसिक : ही तक्रार आतल्या लोकांचीही होती. म्हणून तर २०२२ पासून कलात्मकतेचे दहा गुण वेगळे काढले, त्यासाठी पंचांचं वेगळं मंडळ बसवलं आणि साधन हाताळण्याच्या करामती किती मोजायच्या यालाही मर्यादा घातली. तेव्हा यादीबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. पण ‘रिबन पडली’ हे तुम्ही ज्या सुरात म्हणता ना, त्यावर माझा आक्षेप आहे. रिबन कधी हातात घेऊन पाहिलीत? सहा मीटर लांबीची सॅटिनची पट्टी, चार ते सहा सेंटिमीटर रुंद, वजन पस्तीस ग्रॅमच्या आसपास, जेमतेम अर्ध्या मीटरच्या काठीला अडकवलेली. तिने संपूर्ण रचनाभर काहीतरी रेखत राहायचं, कधी नागमोडी लाटा, कधी एकात एक वेटोळी. लाटा दाट हव्यात, सारख्या उंचीच्या हव्यात आणि थेट शेपटापर्यंत पोचायला हव्यात. शेपूट जमिनीवर लोळलं की गुण कापला. उडीत पायाला गुंडाळली की गुण कापला. गाठ पडली तर संगीत चालू असताना उभं राहून ती सोडवा, नाहीतर कडेला ठेवलेली दुसरी रिबन उचला. बॉल वर फेकला तर तो कुठे उतरणार हे हाताला माहीत असतं. रिबन फेकली की मनगटातल्या झटक्याचा हिशोब एक आणि सभागृहातल्या एसीच्या झुळकेचा हिशोब दुसरा. आता ते आकडे पुन्हा पाहा. दोघींना बाकी तिन्ही साधनांवर सत्तावीस-अठ्ठावीस आणि रिबनवर तेवीस-चोवीस. न पाडणाऱ्या अवेरिनालाही तिने चोवीसच्या वर जाऊ दिलं नाही.

शंकेखोर : मान्य, रिबन अवघड. पण त्यामुळे माझी शंका मिटत नाही, उलट नेमकी होते. मला खरं काय खुपतं ते सांगू? पडलेली रिबन मला दिसते. सांगलीतल्या घरी बसून टीव्ही बघणाऱ्या आजीलाही दिसते. पण क्लब्जवर अश्रामने जे अर्ध्या गुणाने जास्त मिळवलं, ते मला दिसलं नाही. तुम्हाला तरी दिसलं का, की गुणफलकावर आल्यावर कळलं? या खेळात वजाबाकी सगळ्यांना दिसते, बेरीज फक्त पंचांना. कुस्तीत पाठ टेकली की सगळ्या मैदानाला कळतं. इथे सुवर्णपदक ठरतं ते अशा बेरजेवर, जी पाहणाऱ्याला पडताळून बघता येत नाही.

रसिक : पडताळायची सोय आहे. गुणांवर आक्षेप घेता येतो. टोकियोत रशियन चमूने घेतला आणि तो फेटाळला गेला.

शंकेखोर : सोय कशावर आहे तेही सांगा की. आक्षेप घ्यायचा तो काठिण्याच्या गुणांवर आणि तोही स्वतःच्या खेळाडूपुरता. ‘आमच्या मुलीला कमी दिले’ असं म्हणता येतं. ‘त्यांच्या मुलीला जास्त दिले’ असं म्हणायची चोरी. सफाईच्या गुणांवर तर तोंडच उघडायचं नाही. आणि पंच कोण? ज्यांचा इतिहास फार काही धुतल्या तांदळासारखा नाही ते. २००० साली सारागोसाच्या युरोपियन स्पर्धेत पंचांनी संगनमत केलं म्हणून महासंघाला काही जणांना निलंबित करावं लागलं आणि सिडनीला त्यांच्याविना जावं लागलं. नंतर काही वर्षांनी पंचांच्या परीक्षांमध्येच घोटाळे सापडले. निवाडा करायला बसणाऱ्यांनी स्वतःच्या परीक्षेत कॉपी करावी! आणि हे सगळं जुनंपुराणं म्हणून सोडून देऊ म्हटलं तर २०२४ चं बुडापेस्ट आहे. युरोपियन स्पर्धेत पॅरिसच्या तिकिटाचा प्रश्न होता. सायप्रसच्या एका पंचाने आपल्या देशाच्या मुलीच्या बाजूने गुणांत ढवळाढवळ केली, पोलंडच्या मुलीची जागा गेली. चौकशीत ते सिद्ध झालं, पंचावर कारवाई झाली. जागा मात्र परत आली नाही. ऑलिम्पिक होऊन गेलं होतं.

रसिक : बुडापेस्टचं मी समर्थन करणार नाही, करताही येणार नाही. पण उदाहरणं देताना एक गफलत करताय. लबाडी आणि मतभेद यांना तुम्ही एकाच दावणीला बांधताय. टोकियोत लबाडी झाली असं कुणी सिद्ध केलेलं नाही. उलट रशियाच्या मुख्य प्रशिक्षक इरिना विनर यांनी तिथल्या पंचांवर जी जाहीर आगपाखड केली, तिच्याबद्दल पुढे जिम्नॅस्टिक्सच्या नीतिमंडळाने त्यांच्यावरच दोन वर्षांची बंदी घातली. राहिला मतभेद. तो तर कुठल्याही परीक्षकाच्या टेबलावर असतो. आपला पुरुषोत्तम करंडकच बघा. २०२२ मध्ये परीक्षकांनी सांगून टाकलं की करंडक द्यावा अशा तोडीची एकांकिकाच नाही, आणि करंडक दिला नाही. केवढा गहजब झाला! पण नाट्यस्पर्धेच्या परीक्षकाला तेवढी मुभा होती. ऑलिम्पिकच्या पंचाला ती नाही. त्याला कुणाला तरी सुवर्ण द्यावंच लागतं आणि दोघींमधला फरक तीन दशांश स्थळांपर्यंत सांगावा लागतो. इतक्या अचूकपणे सांगायची सक्ती केली की ती अचूकता थोडी बनवलेलीच असणार.

शंकेखोर : हे तुम्ही म्हणालात, मी नाही!

रसिक : मी म्हणाले, आणि मागे घेणार नाही. ०.१५ हा फरक मोजण्याच्या ताकदीपेक्षा लहान आहे. पंचांचं दुसरं मंडळ बसवलं असतं तर कदाचित तो उलटाही निघाला असता. पण तो रिबनमुळे उलटला असता असं मात्र नाही, हूपवरून किंवा क्लब्जवरूनही उलटला असता. तुमची सगळी तक्रार पडलेल्या रिबनभोवती फिरते, कारण ती एकच गोष्ट तुम्हाला दिसली.

शंकेखोर : ठीक. मग टोकियो सोडून पॅरिसला येऊ. तिथे तुमचं काम सोपं असायला हवं. जर्मनीची दार्या वार्फोलोमेएव १४२.८५०, बल्गेरियाची बोर्याना कालेन १४०.६००, इटलीची सोफिया राफाएली १३६.३००. पहिली आणि दुसरी यांच्यात सव्वादोन गुण. भांडायला जागा नाही, सगळे आनंदाने घरी. पण रशिया नव्हताच. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ पासून रशिया आणि बेलारूस बाहेर होते. २००० ते २०१६ या काळातलं प्रत्येक ऑलिम्पिक सुवर्ण, वैयक्तिक असो की सांघिक, ज्यांच्याकडे गेलं तेच गैरहजर असताना मिळालेल्या सुवर्णाला किती वजन द्यायचं? १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला हा खेळ पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला, तेव्हा पूर्व युरोपातल्या बहुतेक देशांनी बहिष्कार घातला होता आणि कॅनडाच्या लोरी फंगने सुवर्ण नेलं. पदक तिचंच, पण आजही त्यापुढे लोक मनातल्या मनात कंस घालतात.

रसिक : घालोत. युद्धाची शिक्षा खेळाडूंनी का भोगायची हा वाद वेगळा, त्यात आत्ता शिरत नाही. पण ‘रशिया नव्हता’ हे मला अर्धंच खरं वाटतं. वार्फोलोमेएवचा जन्म सैबेरियातल्या बार्नाउलचा. बाराव्या वर्षी ती जर्मनीत आली. श्मिडेनला तिला घडवलं कुणी, माहीत आहे? युलिया रास्किनाने. तुम्ही मघाशी नाव घेतलंत तीच, सिडनीची रौप्यविजेती. ती शिस्त, ते शिक्षण दुसऱ्या झेंड्याखाली तिथे हजर होतं. २०२३ मध्ये वॅलेन्सियाच्या जागतिक स्पर्धेत वार्फोलोमेएवने पाचच्या पाच वैयक्तिक सुवर्णं घेतली, तेव्हा पॅरिस काही लॉटरी नव्हती. आणि सांघिक सुवर्ण चीनला गेलं. युरोपाबाहेरच्या संघाला ते पहिल्यांदाच मिळालं. बंदी नसती तर हेच निकाल लागले असते असं मी म्हणत नाही. पण बंद दार उघडलं की आत येणारे नेहमी फुकटेच असतात असंही नाही.

शंकेखोर : ‘ती शिस्त’ म्हणालात, बरं झालं. मला त्या शिस्तीबद्दलच विचारायचं होतं. ‘ओव्हर द लिमिट’ हा मार्ता प्रुस यांचा माहितीपट तुम्ही पाहिला असणार. मार्गारिता मामुन, बांगलादेशी वडिलांची मुलगी, रिओच्या तयारीत. वडील कर्करोगाने आजारी. आणि तिच्या अंगावर सतत शिव्यांचा, अपमानाचा भडिमार. कॅमेरा चालू असताना हे, तर बंद असताना काय असेल? ती सुवर्ण जिंकली आणि काही दिवसांत वडील गेले. इटलीत २०२२ मध्ये राष्ट्रीय संघातल्या माजी मुलींनी उघडपणे सांगितलं, वजनावरून कसं छळलं जायचं, पोटभर खाण्याचीही धास्ती कशी वाटायची. त्यानंतर दोन वर्षांनी तोच संघ पॅरिसला सांघिक कांस्य घेऊन आला. तुम्ही मला ०.१५ चा हिशोब समजावता, मग हा कोणत्या रकान्यात मांडायचा? सफाईत की काठिण्यात?

रसिक : कुठल्याच रकान्यात बसत नाही, हेच दुखणं आहे. मी तो माहितीपट पाहिला. नंतर बरेच दिवस मला रिओची ती रचना सरळ मनाने पाहता आली नाही. पण एवढ्यावरून खेळच वाईट म्हणाल तर ठाण्याला या एकदा. शाळा सुटल्यावर हूप-बॉल घेऊन सरावाला येणाऱ्या मुली बघा. ठाण्याच्या संयुक्ता काळेने राष्ट्रीय स्पर्धांत सुवर्णं मिळवली, ती पाहून आलेल्या आहेत कितीतरी. भारताची एकही मुलगी या खेळात अजून ऑलिम्पिकला पोचलेली नाही. त्यांना पदक दिसत नाही, खेळ दिसतो. माझी नजर तिथून सुरू होते.

शंकेखोर : आणि माझी शंकाही तिथूनच सुरू होते. त्या मुलींच्या आया कडेला बाकावर बसलेल्या असतात. जिल्हा स्पर्धेत आपली मुलगी अर्ध्या गुणाने का हरली, हे त्यांना कुणी सांगू शकतं का? पडली नाही, अडखळली नाही, तरी हरली. ‘काठिण्य कमी होतं’ एवढं सांगतात. मग आई काय करणार? आणखी दोन करामती घाला म्हणणार. माझी साधी मागणी आहे. रचना संपल्याबरोबर पडद्यावर दाखवा, पंचांनी कुठली करामत धरली, कुठली सोडली, कशाला किती दिले. सगळं त्यांनी नोंदवलेलं असतंच. वजाबाकी मला दिसते, तशी बेरीजही दिसू दे.

रसिक : मागणी रास्त आहे, आणि तरीही मला तिची धास्ती वाटते. आजवर मी तुमच्यासमोर पंचांची बाजू मांडली, आता तुमचीच बाजू तुमच्याविरुद्ध मांडते. प्रत्येक करामतीपुढे आकडा लागला की प्रेक्षक काय बघणार? आकडाच. हाताच्या रेषेतून संगीत पुढे सरकतं तो क्षण कुणी बघणार नाही, कारण त्यापुढे आकडा नसेल. कलात्मकतेचे दहा गुण तुम्ही कुठल्या यादीत फोडून दाखवणार? दाखवायला गेलात की तीही यादीच होणार, आणि मघाशी तुम्हीच यादीवर बोट ठेवलंत. हिशोब उघडा केला तर खेळ कोरडा होतो, झाकून ठेवला तर बुडापेस्ट होतं.

शंकेखोर : मग मला यातलं बुडापेस्ट नको. कोरडा तर कोरडा. ज्याला सुवर्णपदक द्यायचंय त्याने हिशोब दाखवावा.

रसिक : आणि मला कोरडं नको. तीन दशांश स्थळं नकोत, समसमान सुवर्ण चालेल, पण पंचाला थोडं मत बाळगू दे. पंचाला मतच नको म्हणत असाल तर मग मैदानात कॅमेरे आणि सेन्सर पुरेत, पंच कशाला? इथे आपलं जुळणार नाही.

शंकेखोर : नाही जुळणार. पण एक कबूल करतो. सुवर्ण अश्रामचं आहे. त्या पुस्तकाने, त्या दिवशी, ते तिचंच होतं. माझं भांडण पुस्तकाशी आहे. त्या दोघींनी पुन्हा समोरासमोर येऊन सोक्षमोक्ष लावला असता तर मी तेवढंही बोललो नसतो.

रसिक : ते झालं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये किताक्यूशूला दिना अवेरिना चौथ्यांदा जगज्जेती झाली, तेव्हा अश्राम तिथे नव्हती. २०२२ मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली, आणि त्याच वर्षी रशियावर बंदी आली. टोकियोनंतर त्या दोघी एकाही स्पर्धेत एकमेकींविरुद्ध उतरलेल्या नाहीत.